माझ्या घोड्याला काहीही झालेलं नाही

सर्वप्रथम, माझा घोडा लंगडत नाही. त्याला पोटशूळही झालेला नाही. हे असं लिहून द्यायची वेळ आली, कारण ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या सकाळच्या एका गाडीच्या एका डब्यात वेगळीच बातमी पसरली आहे. ती पसरवणारे गृहस्थ कोपरखैरण्याला उतरून निर्धास्त निघून गेले. निस्तरतोय मी.

घोडा गेममधला आहे. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', झेल्डा मालिकेतला, २०१७ साली आलेला, निन्टेन्डो स्विचवर खेळायचा. पुतण्याने नवं यंत्र घेतलं आणि जुनं माझ्या गळ्यात मारलं. गोष्ट अशी की नायक शंभर वर्षं झोपून उठतो. तोवर राज्याची धूळधाण झालेली असते आणि राजकन्या तिकडे किल्ल्यात राक्षसाला एकटी थोपवून उभी असते. तिने अजून थोडं थोपवावं. मला घोडे पकडायचे आहेत.

त्या हायरूल राज्यात माळरानावर घोड्यांचे कळपच्या कळप चरत असतात. अबलख असतात ते गरीब स्वभावाचे, पण पळायला बेताचे. एकरंगी असतात ते रगेल आणि दमदार. आपण दबकत मागून जायचं, टुणकन पाठीवर बसायचं आणि तो उधळला की एक बटण दाबत राहायचं, म्हणजे नायक त्याची मान थोपटतो. नायकाचा दम पुरला तर घोडा शांत होतो. नाही पुरला तर नायक गवतात आणि घोडा पुढच्या टेकडीवर. काबूत आला की पागेत न्यायचा, वीस रुपये भरायचे (तिथलं चलनही रुपयाच आहे, फक्त तो रत्नाचा असतो), नाव ठेवायचं, झाली नोंदणी. असे पाच घोडे ठेवता येतात.

त्या पागांबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो. घोडा एका पागेत ठेवायचा, डोंगर-दऱ्या ओलांडून राज्याच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचं आणि तिथल्या पागेत मागितला की तोच घोडा समोर आणून उभा करतात. कसा आला, कोणी आणला, कोणी विचारत नाही. आणि इथे? स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये मी सकाळी दुचाकी लावतो ती संध्याकाळी त्याच जागी सापडत नाही. कोणीतरी सहा गाड्या पलीकडे ढकललेली असते, आरसा आत वळवलेला, सीटवर कुणाचा तरी चहाचा कप. पावती दाखवली तर पोरगा म्हणतो, "गाडी हाय ना? मग?" महिन्याचे पैसे मात्र एक तारखेला. असो.

तर पांढरा घोडा. एका पागेबाहेर एक म्हातारा सांगतो की राजकन्येच्या पांढऱ्या घोड्याचा वंशज सफुला टेकडीवर दिसला आहे. तो साधासुधा काबूत येत नाही, दम भरपूर लागतो. त्यासाठी मी गेममध्ये दम वाढवणारं जेवण रांधून पोतडीत साठवलं होतं. "तिकडे रांधतोस, इथे साधी कोथिंबीर निवडत नाहीस," असं घरून ऐकूनही घेतलं होतं. त्या दिवशी ठाण्याला दहा नंबरवर गाडी लागली, मला चक्क खिडकी मिळाली. आज घोडा, असं मी ठरवून टाकलं.

गाडी हलता हलता चौथ्या सीटवर एक मामा येऊन टेकले. डोक्यावर टोपी, पायात रबरी चपला, मांडीवर जांभळांची पिशवी. पुढच्या स्टेशनला मधला एक उठला, मग दुसरा उठला आणि मामा सरकत सरकत थेट माझ्या खांद्याला लागले. त्यांना लेकीकडे जायचं होतं, ती कोपरखैरण्याला असते, जावई बरा आहे पण बोलत नाही, हे सगळं मला न विचारता कळलं. मी मान हलवत नायकाला टेकडीवर नेत होतो.

घोडा दिसला. मी नायकाला खाली वाकवलं आणि पावलापावलाने मागून निघालो.

"आवो भाऊ, मागून कुठं जाता?"

मी दुर्लक्ष केलं.

"मागून जाऊ नका. लाथ घालंल."

"गेम आहे मामा."

"गेम असू द्या की. घोडं हाय ना?" मामांनी जांभळाच्या हाताने पडद्यावर बोट टेकवलं. तो डाग अजून आहे. "घोड्याचं डोळं बाजूला असत्यात. समदं दिसतं त्याला. फक्त शेपटीमागचं नाय दिसत, अन् पार नाकासमोरचं. अन् जे दिसत नाय त्याला ते आधी लाथ घालतं, मग बघतं कोण हाय. डाव्या खांद्याकडनं जायचं. बोलत बोलत जायचं."

"याच्यात बोलता येत नाही."

"मग त्याला कळंल कसं तुम्ही आलाय ते?"

"कळू द्यायचं नसतं."

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी घोडेचोर आहे याची त्यांना खात्री पटली असावी. आणि तेवढ्यात त्यांचं कोपर माझ्या हाताला लागलं, नायक धावला, घोडा दचकला आणि पसार झाला. "बघा," मामा म्हणाले, "मागून गेला की हे असं होतं."

आता समोरच्या बाकावरचे दोघे, दाराशी उभा असलेला कॉलेजचा मुलगा आणि खिडकीतले पेपरवाले काका असे सगळे प्रेक्षकांत जमा झाले. मामा माथेरानचे घोडेवाले निघाले. हयात घोड्यांत गेलेली. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात, तिथून पर्यटक वर न्यायचे. आता ई-रिक्षा आली, रस्त्याला ब्लॉक बसवले, त्यावर नाल घसरतो, घोडा पडला की बातमी घोडेवाल्याच्या नावाने, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. पेपरवाले काका म्हणाले, "ब्लॉक सगळीकडेच बसवतात हो, आमच्या सोसायटीबाहेर दर वर्षी." यावर डब्याचं एकमत झालं. मला वाटलं, विषय घोड्यावरून हटला. नाही हटला.

मी पुन्हा दबकत गेलो, मागूनच. मामा "च्यक्" करत राहिले. उडी मारली, घोडा उधळला, मी बटण दाबतोय, दाबतोय, नायकाचा दम संपत आला की पोतडीतलं जेवण खायला घालतोय. कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काका, जोरात दाबा. मी शाळेत असताना खेळलोय हा." शाळेत असताना! अख्ख्या डब्यात दुसरा एकच माणूस तो गेम खेळलेला निघावा आणि त्याने तो अर्ध्या चड्डीत संपवलेला असावा. पण घोडा शांत झाला. माझा झाला. समोरच्या बाकावरून कोणीतरी "वा" म्हणालं. मी तो पांढरा शुभ्र घोडा टेकडीवरून डौलात चालवत खाली आणला आणि, मला कबूल करायला हरकत नाही, यंत्र जरा तिरपं धरलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

मामा डोळे बारीक करून बघत होते.

"अंगावरच्या केसांचं भोवरं बघितलं का?"

"गेममध्ये भोवरे नसतात."

"मग घेतला कशावर? आम्ही सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात जातो, तापीकाठी. तिथं घोडं घेताना आधी भोवरं बघत्यात. देवमण, म्हंजे शुभ भोवरा, हाय का, कुठं खोट हाय का. नुसता रंग बघून कोण घेतं?"

"याला पागेत नेलं की ताकद, वेग, दम, सगळ्याच्या चांदण्या दाखवतात."

"चांदण्या कोण देतो? घेणारा का विकणारा?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

"एका घोड्याला टाच किती वेळा मारता येते तेसुद्धा ठरलेलं असतं," मी म्हणालो. हे मात्र त्यांना आवडलं. "बराबर. घोड्याचा बी दम असतोय. वर येणाऱ्या पोरांना हेच कळत नाय." मला उगाच शाबासकी मिळाल्यासारखं झालं. याच गेममध्ये अस्वलावरही बसता येतं, पण पागेवाले ते नोंदवून घेत नाहीत, अशी माहिती मी पुरवली. "नाय घेणार," मामा म्हणाले. "घोडी बिथरतील."

रबाळं गेलं. मामा पडद्यावरून नजर हटवेनात.

"ह्याची लीद कुठं हाय?"

"लीद?"

"धरल्यापासनं बघतोय. एवढा उधळला, एवढा चालला. एकदा बी लीद टाकली नाय."

"मामा, या गेममध्ये घोडे लीद टाकत नाहीत."

डबा शांत झाला. मामांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "म्हंजे पोट धरलंय त्याचं. भाऊ, घोड्याला उलटी होत नाय. एकदा पोट धरलं अन् लीद थांबली की रात्रीतनं जातं जनावर. हसू नका. पोटशूळ वाईट."

"'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये टाकतात लीद," कॉलेजचा मुलगा म्हणाला. "२०१८चा आहे तो. त्यात घोड्याला खरारा पण करावा लागतो."

"तो गेम बरा हाय. ह्यांनी तो घ्यायला पायजे."

"पण काका, तुमचा मेला तरी टेन्शन नाही," मुलाने मला धीर दिला. "यात घोड्यांचा देव आहे. हजार रुपये दिले की त्याचं कुंड उघडतं, मग तो मेलेला घोडा परत देतो."

"हजारात?" मामा म्हणाले. "हजारात डॉक्टर नुस्ता वर येत नाय." झालं, डबा देव सोडून डॉक्टरांकडे वळला. पेपरवाल्या काकांच्या गुडघ्याचा एमआरआय, समोरच्याच्या सासूबाईंच्या डिपॉझिटची रक्कम, पॉलिसीने काय काय नाकारलं. हातमोज्यांचे वेगळे पैसे लावले होते, हे सांगताना त्या माणसाचा आवाज खरोखर चढला आणि मलाही माझं मागच्या वर्षीचं बिल आठवून मळमळलं. त्या बिलात 'इतर' अशी एक ओळ होती. त्या ओळीच्या पैशांत दोन घोडे जिवंत झाले असते.

घणसोली सुटल्यावर मामा उठले. जांभळांची पिशवी काखेत मारली, वरची कडी धरली आणि जाता जाता पडद्यावर शेवटची नजर टाकली.

"उजवा पुढचा."

"काय?"

"उजवा पुढचा पाय दुखतोय त्याचा. मान बघा. दुखरा पाय टेकला की घोडं मान वर घेतं. बघा, घेतली. परत घेतली. दोन दिस बसू नका त्याच्यावर." आणि कोपरखैरण्याच्या गर्दीत मामा दिसेनासे झाले.

डब्यातल्या प्रत्येकाने वाकून बघितलं. प्रत्येकाला दिसलं.

आता, घोडा चालताना मान हलवतो. सगळेच घोडे हलवतात. ज्या माणसांनी हा गेम बनवला त्यांनी ती मान हलती केली म्हणून हलते. तिचा उजव्या पायाशी संबंध नाही. हे मला माहीत आहे. तरीही त्या रात्री मी घोड्याला गोल गोल फिरवून बघत बसलो होतो आणि उजवा पुढचा टेकला की मान जरा, अगदी जराशी वर जात होती. बायकोला बोलावलं. काही न सांगता नुसतं विचारलं, "हा घोडा कसा चालतोय?" तिने भाजी चिरता चिरता बघितलं आणि म्हणाली, "पायाला काही लागलंय का त्याच्या?"

तेव्हापासून पांढरा घोडा पागेत आहे. त्याच्यासाठी केवढं रांधलं होतं! मी एका अबलखावर फिरतो. तो जेमतेम पळतो आणि शिटी मारली तर जवळ असला तरच येतो. पांढऱ्याला अधूनमधून बाहेर काढून सफरचंद खाऊ घालतो. दगडावर नेत नाही. गवतावरच थोडा चालवतो. गेममध्ये पाय दुखण्याची सोयच नाही, त्यामुळे तो बरा होण्याचीही नाही.

मामा पुन्हा दिसले नाहीत. पण डबा रोजचाच, माणसंही तीच. दुसऱ्याच दिवशी समोरच्या बाकावरून हळूच विचारणा झाली. मग रोज व्हायला लागली. जे त्या दिवशी नव्हते त्यांनाही सांगितलं गेलं. एकाने मला घोड्याच्या पोटदुखीवर ओवा-हिंगाचा उपाय व्हॉट्सअॅपवर पाठवला, नंबर कुठून मिळवला देव जाणे. मी रीतसर समजावून सांगितलं की हा खेळ आहे, घोडा खरा नाही, त्याला पोट नाही. सगळे समजूतदारपणे माना हलवतात. घरातल्या आजारपणाबद्दल माणूस उघड बोलत नाही, तसं त्यांना वाटतं.

काल तर कहर झाला. रबाळ्याला दारात लटकणारा एक माणूस, ज्याला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही, सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडला, "ओ घोडेवाले! झाली का?"

अख्खा डबा वळून बघायला लागला. मी म्हटलं, "झाली. पहाटेच झाली."

दारापर्यंत सुस्कारा गेला. कोणीतरी "चला, सुटलं" म्हणालं. खिडकीतल्या काकांनी पेपर खाली केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कशी झाली? घट्ट ना?"