एक स्टार मान्य, पण ‘आजारी माल’ नाही

नमस्कार सर,

‘आजारी ऑक्टोपस गळ्यात मारला, दोन महिन्यांत मेला, औषध मागितलं तर दिलं नाही, झाकणाच्या क्लॅम्पचाही खर्च लावला आणि पैसे परत नाहीत,’ असं तुम्ही लिहिलंय.

आधी आमची चूक. काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला ‘तीन-चार वर्षं आरामात जगेल’ असं सांगितलं, ते साफ चुकीचं होतं. घरच्या टाकीत मावणारे बहुतेक ऑक्टोपस उणंपुरं वर्ष-दीड वर्ष जगतात, तेही जन्मापासून धरून. आमच्याकडे येतो तो समुद्रातून पकडलेला, मोठा झालेला. त्याचं आयुष्य किती उरलंय हे कुणीच सांगू शकत नाही. पैसे घ्यायच्या आधी हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

पण तो आजारी नव्हता. नव्हती, म्हणायला हवं. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो माझ्याकडे आहे: दगडाच्या कपारीत छताला लोंबणारे पांढरे, तांदळाच्या दाण्यांसारखे घोस. तुम्हाला ती बुरशी वाटली. ती अंडी होती. मादी अंड्यांवर बसली की खाणं सोडते, रात्रंदिवस त्यांच्यावर पाणी फुंकत राहते, अंगाचा रंग उडत जातो आणि अंडी फुटायच्या सुमारास मरते. टाकीत नर नसला तरी अंडी घालते. 1977 मध्ये जेरोम वोडिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढून पाहिल्या. त्या माद्यांनी अंडी सोडून दिली, त्या पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त दिवस जगल्या. आता हे ऑपरेशन काही मी दुकानात करू शकत नाही. तुम्ही चिमट्याने कोळंबी तिच्या तोंडाशी धरत होतात, ते मायेपोटी, हे मला कळतं. पण ती खाणार नव्हती.

औषधाचं म्हणाल, तर तुम्ही मागत होतात ती बाटली माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची. तिच्यात तांबं असतं. ऑक्टोपसचं रक्त तांब्यामुळेच निळं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष. ती बाटली दिली असती तर तुमचा रिव्ह्यू खरा ठरला असता.

क्लॅम्पचा खर्च मात्र मी परत करणार नाही. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मत्स्यालयातून 2016 मध्ये इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या पाइपातून समुद्रात पोहोचला. त्याच्या नशिबाने पाइप समुद्राकडे जात होता. तुमच्या चौथ्या मजल्यावर बाथरूमची मोरी आहे.

ऑक्टोपसचे पूर्ण पैसे परत देतो, कारण चुकीची माहिती आम्ही दिली. टाकीचं पाणी थंड ठेवणारा चिलर नको असेल तर निम्म्या किमतीत परत घेतो. ऑक्टोपस मागवणं आम्ही आता बंद केलंय. ज्या जिवाचं वय मला सांगता येत नाही, तो विकायला मन धजत नाही.

एक विनंती. रागाच्या भरात टाकी धुऊन काढू नका. त्यातले पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू तयार व्हायला तुम्ही सहा आठवडे थांबला होतात. फिल्टर चालू ठेवा, ते जिवाणू जगावेत म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा. रविवारी दुकान दुपारी दोनपर्यंत उघडं असतं. बिल सापडलं नाही तरी या, आमच्याकडे नोंद आहे.