जुनाच माल गाडताहेत!

रस्ता खरवडून निघालेला काळा चुरा त्याच रस्त्याच्या पायात पसरताना दिसला, की बघणारा हमखास म्हणतो, "बघा, जुनाच माल गाडताहेत!" रस्त्याच्या कामावर बरीच वर्षं काढल्यावर सांगतो, माल जुना आहे यावर चिडू नका. चिडण्यासारखं दुसरंच आहे.

त्या चुऱ्यात वजनाने साधारण ९५ टक्के खडी आणि कच असते, बाकी डांबर. (डांबर हा शब्द सवयीचा. कोळशापासूनचं खरं डांबर वेगळं, त्यात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. आता रस्त्यावर पडतं ते खनिज तेलापासूनचं बिटुमेन. फार जुना रस्ता उखडला तर खाली ते जुनं डांबर निघू शकतं. ते तापवायचं नाही म्हणजे नाही.) खडी काही म्हातारी होत नाही. म्हातारं होतं बिटुमेन, हवेतल्या ऑक्सिजनने कडक आणि ठिसूळ होत जातं.

आता हा चुरा बेसमध्ये, म्हणजे डांबरी थराखालच्या खडीच्या थरात, नुसताच पसरला तर? प्रयोगशाळेत त्याचा ताठपणा नव्या खडीपेक्षा चांगला दिसतो. तो एकच आकडा बघून लोक खूश होतात. पण सीबीआर, म्हणजे थराची भार पेलायची ताकद सांगणारा आकडा, घसरलेला असतो, आणि सततच्या भाराखाली थर कायमचा दबत जातो, कारण बिटुमेन माखलेल्या दगडांची एकमेकांत घट्ट पकड बसत नाही. तापमान वाढलं की आणखीच ढिलाई. वर चाकोऱ्या पडल्या की शिव्या मात्र डांबरीकरणाला!

उपाय अवघड नाही. निम्मी नवी खडी मिसळा, नाहीतर बांधून घ्या. मला स्वतःला फोम बिटुमेन आवडतं. १६०-१८० अंशांच्या बिटुमेनमध्ये थोडंसं गार पाणी सोडलं की ते दहा-वीस पट फुगतं. दगडाला सगळीकडून माखत नाही, बारीक कचेला धरतं आणि ठिकठिकाणी टाके घातल्यासारखं सगळं जोडतं. जोडीला एखादा टक्का सिमेंट. खडी तापवायची गरजच नाही. अमेरिकेतल्या आयोवात लाडिस चान्यी या अभियंत्याने हे १९५६ मध्ये पाण्याऐवजी वाफ सोडून करून दाखवलं होतं, गार पाण्याची युक्ती नंतरची.

तरीही माझं मत विचाराल तर बेस ही या मालाची पहिली जागा नव्हेच. वरच्या गरम मिश्रणात गेला तर त्यातलं बिटुमेनही कामी येतं. बेसमध्ये त्याची किंमत नुसत्या दगडाची. वर जागा उरली नाही, तर खाली जरूर घाला.

आणि चिडायचंच असेल तर ढीग बघून चिडा. चार रस्त्यांचा माल एकाच ढिगात, मातीसकट, पावसात भिजत पडलेला. कुठल्या डंपरमध्ये काय आलं, कुणालाच ठाऊक नाही. मग दबाईसाठी पाणी नव्या खडीच्या हिशेबाने मारायचं. हा चुरा तेवढं पाणी पीतच नाही, आणि रोलरखाली थर लिबलिबतो. एकदा साइटवर मी हे बोललो, तर उत्तर मिळालं, "साहेब, वरून काळं होणारच आहे."