गॉर्टनचा मठ आणि मोतीबागच्या ओळी

नागपूर–नागभीड छोटी लाईन २०१९ साली बंद झाली, तेव्हापासून दादांच्या फोनवर नागपुरातल्या मोतीबाग रेल्वे वर्कशॉपचा विषय निघाला नाही असा रविवार विरळाच. दादांचे म्हणणे असे की, नॅरोगेजची इंजिने तेथील संग्रहालयात २००२ पासून मांडलेली आहेतच, तेव्हा वर्कशॉपभोवतीच्या कामगारांच्या पडक्या क्वार्टरांच्या ओळी जपण्याचा मोह कशाला? पुतणीला मात्र एम्प्रेस मिलच्या जागी उभा राहिलेला मॉल खुपतो आणि ‘विलायतेत बघा कसे जपतात’ असे ती मलाच ऐकवते.

विलायतेत मी राहतो ते मँचेस्टरच्या गॉर्टन भागात, आणि नागपूरकराला हे गाव अगदीच परके नाही. बायर आणि पीकॉक यांनी १८५४ साली येथे काढलेल्या कारखान्यातून सुमारे आठ हजार इंजिने बाहेर पडली. त्यांत १९२९ साली आपल्या बंगाल–नागपूर रेल्वेसाठी घडवलेली अजस्र गॅरेट इंजिनेही होती. पुढे-मागे चाकांचे दोन संच आणि त्यांच्या मधोमध टांगलेला एकच बॉयलर, अशी त्यांची रचना. त्यांतले ८१५ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात पाहता येते. कारखाना १९६६ साली बंद पडला.

पुतणी ज्याचे फोटो मागते, तो फ्रान्सिस्कन साधूंचा मठ येथून जवळच आहे. त्याभोवतीच्या कामगारांच्या घरांच्या ओळी गलिच्छ वस्ती ठरवून पाडल्या गेल्या, माणसे पांगली, आणि प्रार्थनेला येणारेच उरले नाहीत तेव्हा १९८९ साली मठालाही कुलूप लागले. पुढे लाखो पौंड खर्चून त्याची दुरुस्ती झाली आणि २००७ पासून तेथे लग्नाच्या मेजवान्या झडतात. दुरुस्ती उत्तम आहे. ज्यांच्यासाठी तो बांधला त्यांची घरे आधी गेली आणि मठ नंतर वाचला, एवढाच माझा आक्षेप आहे.

म्हणून दादांचे मत मला पटत नाही आणि पुतणीचेही अर्धेच पटते, कारण तिच्या फोटोंत इमारती असतात, बिऱ्हाडे नसतात. आमचे आजोबा वर्कशॉपमध्ये फिटर होते. इंजिनाच्या राखेतून वेचलेल्या अर्धजळक्या कोळशावर आजीची शेगडी पेटायची, आणि भोंगा झाला की ओळीतल्या साऱ्या घरांत एकदमच ताटे मांडली जायची. गेल्या रविवारी मी दादांना विचारले, आपल्या ओळीत अजून किती घरांत माणसे राहतात? ते म्हणाले, जाऊन मोजून सांगतो.