‘फुगलेला’ कर्नल आणि हरवलेलं वायफाय

गेले काही महिने इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’च्या खुणेसकट. मजकूर थोडक्यात असा: उबुंटू-डेबियनसारख्या लिनक्सचा कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा) फुगलेला असतो, त्यातले हजारो ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) रॅम खात बसतात. कर्नलचा सोर्स कोड उतरवा, ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ मारा, म्हणजे आपल्या मशिनला लागतं तेवढंच राहतं. जमेल ते मॉड्यूल (गरजेनुसार चढणारा सुटा तुकडा) न ठेवता थेट कर्नलमध्येच बसवा, म्हणजे इनिटरामएफएसची (बूट होताना आधी चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टिमची) कटकट संपते. एखादा ड्रायव्हर हरवलाच तर जुन्या कर्नलच्या फोल्डरमधून फाइल उचला. शेवटी जुना कर्नल काढून टाका, मशिन पळायला लागेल.

स्वतः कर्नल कंपाइल करायला (सोर्सपासून बांधायला) माझा अजिबात विरोध नाही. एखादा पॅच तपासायचा असेल, बिघाड नेमका कोणत्या बदलाने आला ते गिट बायसेक्टने शोधायचं असेल, छोट्या बोर्डावर जागाच कमी असेल, तर करावंच लागतं. पण या मेसेजमधली कारणं चुकीची आहेत आणि उपाय कारणांच्याही वरताण.

आधी रॅमचं. डिस्ट्रोच्या (उबुंटू-डेबियनसारख्या तयार लिनक्सच्या) कर्नलबरोबर हजारो मॉड्यूल येतात हे खरं. पण ती पडून असतात डिस्कवर, ‘/लिब/मॉड्यूल्स’खाली. रॅममध्ये काय चढलंय ते एलएसमॉड ही कमांड सांगते, आणि घरच्या लॅपटॉपवर ती यादी शे-दीडशे ओळींच्या आसपास संपते. उपकरण दिसलं की कर्नल त्याची ओळख पुकारतो, यूडेव्ह हा पाठीमागे चालणारा प्रोग्राम ती ऐकतो, डेपमॉड कमांडने बनवलेल्या यादीत जुळणारं नाव शोधतो आणि तेवढंच मॉड्यूल चढवतो. बाकीची झोपलेली असतात. माळ्यावर ठेवलेल्या गाद्यांनी दिवाणखान्यात अडचण होते म्हणण्यातला हा प्रकार. वाचते ती डिस्कवरची काहीशे एमबी जागा. आणि ती वाचवायला कर्नल बांधताना, डीबगची (चुका शोधायला लागणारी) माहिती चालू असेल तर, वीसेक जीबी सहज लागतात!

आता लोकलमॉडकॉन्फिग. इथे जरा थांबायला हवं, कारण रडारड इथूनच सुरू होते. ही सोय कर्नलवर काम करणाऱ्या स्टीव्हन रोस्टेड्टने आणली, २००९ च्या २.६.३२ कर्नलपासून ती आहे. हेतू साधा: रोज कर्नल बांधून तपासणाऱ्याचा कंपाइलचा वेळ वाचावा. ती पाहते एवढंच, की या क्षणी कोणती मॉड्यूल चढलेली आहेत. उरलेली सगळी बंद. ‘मशिनला लागतं ते’ आणि ‘आत्ता चढलंय ते’ यातला फरक, तो मेसेज वाचून कर्नल बांधणाऱ्या माझ्या भाच्याला रात्री साडेअकराला कळला.

“मामा, नवा कर्नल बूट झाला, पण वायफाय नाही.”
“मोबाइल यूएसबीने जोड, टेदरिंग चालू कर.”
“केलं. चार्ज होतोय नुसता.”
“पेनड्राइव्ह?”
“लाइट लागतो, पण यादीत येत नाही.”

कसा येणार? लोकलमॉडकॉन्फिग चालवताना पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून यूएसबी-स्टोरेज बंद. मोबाइल लावलेला नव्हता, म्हणून आरएनडीआयएस होस्ट (यूएसबी टेदरिंगचा ड्रायव्हर) बंद. पेनड्राइव्ह दिसला असता तरी उघडला नसता, कारण एक्सफॅट ही पेनड्राइव्हवरची फाइलसिस्टिमही गेली होती. प्रोजेक्टर, प्रिंटर, वायरगार्ड व्हीपीएन, गेमपॅड, जे जे त्या संध्याकाळी वापरात नव्हतं ते सगळं साफ.

पण वायफाय तर त्या वेळी चालू होतं! मग ते का जावं? त्याच्या लॅपटॉपमध्ये रिअलटेकचं ८८२१सीई कार्ड आहे. कधीतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने त्याचा बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर आपोआप बांधणाऱ्या साधनाने) घातला होता. तो कर्नलच्या सोर्समध्ये नाहीच, त्यामुळे लोकलमॉडकॉन्फिगला तो सापडेना. तिने तसं सांगितलंही होतं: ‘८८२१सीई कॉन्फिग नॉट फाउंड!!’, दोन उद्गारचिन्हांसह. टर्मिनलवरून सरकत गेलेल्या त्या ओळी कोण वाचतं? कर्नलचा स्वतःचा आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर चढलेला नव्हता, म्हणून तोही बंद झाला. डीकेएमएसने नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर बांधून पाहिला, पण आतली फंक्शनं बदललेली असल्याने बांधणी मध्येच मेली. एका कार्डाला दोन ड्रायव्हर होते, उरला एकही नाही.

लोकलमॉडकॉन्फिग वापरायचीच असेल तर आठवडाभरात जे जे जोडता ते सगळं एकदा जोडून घ्या, मग चालवा. आर्च लिनक्सवाल्यांकडे यासाठी मॉडप्रोब्ड-डीबी नावाचं साधन आहे, ते चढलेल्या मॉड्यूलांची नोंद दिवसेंदिवस ठेवत जातं.

‘हरवलेला ड्रायव्हर जुन्या फोल्डरमधून उचला.’ हा सल्ला वाचून मी कपाळाला हात लावला. प्रत्येक मॉड्यूलवर तो कोणत्या कर्नलसाठी बांधला याचा शिक्का असतो, व्हरमॅजिक नावाचा. मॉडइन्फो कमांड चालवली की दिसतो. शिक्का जुळला नाही की ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’. मेसेजमध्ये पुढे ‘मॉडप्रोब -एफ’ने (मॉडप्रोब ही मॉड्यूल चढवणारी कमांड) जबरदस्ती करायला सांगितलंय. म्हणजे शिक्का न बघता आत घ्या. कर्नलच्या आतल्या रचना आवृत्तीगणिक बदलतात, आणि त्या स्थिर ठेवायच्या नाहीत हे कर्नलवाल्यांनी मुद्दाम ठरवलेलं धोरण आहे. त्यांच्यापैकीच ग्रेग क्रोआ-हार्टमनने त्यावर लिहिलेलं टिपण कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच सापडतं. दुसऱ्या घराची किल्ली हातोड्याने ठोकून कुलपात बसवली, तर कुलूप उघडण्याआधी तुटतं.

खरं शोधकाम कंटाळवाणं, पण सरळ आहे. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (मशिनमधली कार्डं दाखवणारी कमांड) चालवा. कार्डाच्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ नसेल तर ड्रायव्हर चढलेला नाही. भाच्याच्या कार्डाचा आयडी १०ईसी:सी८२१. मग कॉन्फिग फाइलमध्ये त्या ड्रायव्हरपुढे ‘एम’ (म्हणजे मॉड्यूल) आहे का ते पाहा. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत) पर्याय दिसतच नसेल तर तिरकी रेघ दाबून शोधा, तो कशावर अवलंबून आहे ते तिथे लिहिलेलं असतं. पर्याय चालू आहे पण मॉड्यूल सापडत नाही? मग ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ (बांधलेली मॉड्यूल जागेवर ठेवणारी पायरी) राहिलंय का ते आठवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्यांत बऱ्याच जणांचा घोळ नावाचा असतो. गिटच्या सोर्समध्ये काही बदल केला असेल तर आवृत्तीच्या नावाला शेवटी अधिकचं चिन्ह लागतं. चालू कर्नलचं नाव विचारलं तर यूनेम कमांड एक सांगते, मॉड्यूल पडलेली असतात दुसऱ्याच नावाच्या फोल्डरमध्ये.

आम्ही आरटीडब्ल्यू८८ चालू करून कर्नल पुन्हा बांधला. तरी बूटनंतर वायफाय नाही. हाताने मॉडप्रोब केलं की लगेच येई, रीस्टार्ट केलं की गायब. अर्धा तास गेला. मग ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये एक फाइल सापडली, आत एकच ओळ: ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई. बाहेरचा ड्रायव्हर घालताना आतल्याशी भांडण नको म्हणून त्यानेच कधीतरी टाकलेली. ब्लॅकलिस्ट आपोआप चढणं अडवते, नाव घेऊन बोलावलेलं अडवत नाही.

‘सगळं बिल्ट-इन करा.’ बरं, केलं. एनव्हीएमई (डिस्कचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी४ (फाइलसिस्टिम) कर्नलमध्ये बसवले, इनिटरामएफएस काढला. पण ग्रबच्या (बूट करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत रूट (मुख्य विभाग) म्हणून फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) दिलेला असेल तर नुसत्या कर्नलला तो कळत नाही. त्याला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) कळतो किंवा डिव्हाइसचं नाव. यूयूआयडी शोधून देण्याचं काम इनिटरामएफएस करत होता. तो गेला की ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ आणि कर्नल पॅनिक, म्हणजे मशिन तिथेच थांबतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड विचारायलाही कोणी उरत नाही. दुसरी गोम फर्मवेअरची, म्हणजे कार्डात भरायच्या कोडच्या फाइलची. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिल्ट-इन केला की तो रूट माउंट होण्याआधीच जागा होतो, फर्मवेअरची फाइल मागतो, आणि डिस्कच अजून उघडलेली नसते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड… फेल्ड विथ एरर -२’ दिसतं. उणे दोन म्हणजे फाइल नाही. माणूस फर्मवेअरचं पॅकेज पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. फाइल जागेवरच असते, मागणाराच लवकर उठलेला असतो. तो ड्रायव्हर ‘एम’ करा, प्रश्न मिटला.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. तयार कर्नल बूट होताना प्रोसेसर ओळखतो आणि स्वतःच्या कोडमधल्या ठरावीक जागी त्या प्रोसेसरला जमणाऱ्या सूचना भरतो, त्यामुळे ‘खास आपल्या मशिनसाठी’चा बराचसा फायदा फुकटात मिळालेला असतो. कर्नल ५.१२ पासून प्रीएम्प्शनची (चालू काम मध्येच थांबवून दुसरं घेण्याची) पद्धतही, कर्नल तशा सोयीने बांधलेला असेल तर, बूटच्या ओळीत बदलता येते. उलट आपण बांधलेल्या कर्नलला डिस्ट्रोचे सुरक्षा अपडेट लागत नाहीत, दर वेळी आपणच बांधायचं. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलाच कर्नल चालू देणारी सोय) चालू असेल तर ‘बॅड शिम सिग्नेचर’ आहेच, आणि मेसेज कर्नलवर सही करायला शिकवत नाही.

राहिला जुना कर्नल. भाच्याने तोही काढायला घेतला होता. पण त्या वेळी मशिन त्याच जुन्या कर्नलवर चालू होतं, आणि उबुंटूने मध्येच विचारलं: चालू असलेलाच कर्नल काढताय, थांबवायचं का? तो घाबरून ‘हो’ म्हणाला. म्हणून त्या रात्री ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ती जुनी ओळ शिल्लक होती. ती निवडली, दीड मिनिटात वायफाय आलं.