गॅस परत कुठे द्यायचा?

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. विश्रामबागेतल्या घरी फराळाला शाळेतले दोस्त जमले. एक जण कॉलेजात शिकवतो, दुसऱ्याचा तासगावला बेदाण्याचा व्यापार आहे. धाकट्या भावाचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान, माझीही रोजीरोटी तीच, त्यामुळे बोलणं फिरून एसीच्या गॅसवर आलं. कॉलेजवाला तावातावाने म्हणाला, "तुझ्या जर्मनीने नि अमेरिकेने पन्नास वर्षं गॅस उडवला, ओझोनला भोक पाडलं. आता आपल्या माणसाच्या घरात पहिला एसी बसतोय, तर म्हणे नियम!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण यात खोटं काही नाही. २०१९ साली केंद्र सरकारने शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, तेव्हा देशात शंभरातल्या जेमतेम आठ घरांत एसी होता. मे महिन्यात दुपारी माझी आई ओला पंचा मानेवर घेऊन जमिनीवर पडायची, ते मी पाहिलंय. गारवा ही चैन आहे असं मला कुणी सांगू नये. पण त्या संध्याकाळी बोलणं अर्ध्यावर राहिलं, कुणीतरी फटाके लावायला हाक मारली. राहिलेलं अर्धं इथे लिहितो.

सांगलीच्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडलो आणि गेली चौदा वर्षं जर्मनीत हानोफरमध्ये सुपरमार्केटांच्या शीतकपाटांची देखभाल करतो. हा विषय माझ्या हाताला रोज लागतो.

नियम आपल्यावर लादले गेले, हे पूर्ण खरं नाही. १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियलचा करार झाला तेव्हा भारत त्यात नव्हता. पैसा आणि तंत्रज्ञान मिळाल्याशिवाय येणार नाही, असं आपण आणि चीनने ठणकावून सांगितलं. १९९० ला लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मेनका गांधींनी तीच बाजू लावून धरली, गरीब देशांसाठी निधी ठरला आणि १९९२ ला आपण करारात आलो. ओझोनला चालणारे पण हवा तापवणारे गॅस कमी करायला २०१६ ला याच करारात किगाली दुरुस्ती झाली, तिच्यातही तसंच. श्रीमंत देशांची कपात २०१९ लाच सुरू झाली. आपला वापर २०२८ ला गोठणार, पहिली दहा टक्के कपात २०३२ ला, आणि ८५ टक्क्यांपर्यंत पोचायला २०४७ साल उजाडणार. आपली तक्रार ऐकली गेली आहे. मग भांडण कशाचं उरतं?

ते उरतं गच्चीवर. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी भावाबरोबर कामावर गेलो. एका अपार्टमेंटच्या गच्चीवरून दीड टनाचा जुना स्प्लिट उतरवायचा होता. आत आर-२२, जुन्या एसीत असतो तो गॅस. यंत्र चालू असतं तर पंप डाऊन करून गॅस आउटडोअरमध्येच कोंडता आला असता, पण कॉम्प्रेसर बसला होता. भावाच्या हाताखालचा पोरगा, वीसेक वर्षांचा, उकिडवा बसला आणि पाना लावून पाइप जोडणारा फ्लेअर नट अर्धा आटा सैल केला. फुस्स. आधी जोरात, मग बारीक शिट्टीसारखं. नटाभोवती पांढरं दव गोठलं, तेलाचे थेंब कॉपरवर उडाले. पोराने तोंड बाजूला फिरवलं. त्याच्या हातात मोजे नव्हते, बोटं लाल झाली होती. दोन-तीन मिनिटांत आवाज संपला आणि तो पाइप कापायला लागला.

त्या यंत्रात साधारण किलोभर गॅस असतो. आर-२२ मधला क्लोरीन वर जाऊन ओझोन खातो, हा एक भाग. दुसरा असा की एक किलो आर-२२ पृथ्वी तापवायला सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन-अडीच किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या पोराने तीन मिनिटांत पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळलं. त्याची स्वतःची मोटरसायकल तेवढं जाळायला काही वर्षं घेईल.

मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "दादा, बाटलीत घेतला असता की. पण न्यायचा कुठं? कोण घेतंय? मशीन आणायचं, तासभर जादा बसायचं, गिऱ्हाईक त्याचा रुपाया देत नाही. आणि खाली भंगारवाला टेम्पो घेऊन थांबलाय."

माझं म्हणणं एवढ्यात आहे. माँट्रियलचा करार मोजतो तो गॅस किती बनवला आणि किती वापरात आला ते. जुन्या यंत्रांत भरून बसलेला गॅस नट सैल करून सोडला, तर तो त्या हिशेबात येतच नाही. तो आवाज पकडण्याचं काम ज्या त्या देशाच्या स्वतःच्या व्यवस्थेचं. किगालीत कितीही मोठे आकडे ठरू देत, विश्रामबागेतली गच्ची त्यात नाही.

जर्मनीत पहिल्याच आठवड्यात माझा हात असाच सैल सुटला होता. होजमधली हवा काढायला आपल्याकडे चार्जिंग लाइन क्षणभर ढिली करतात, ते मी सवयीने केलं. माझा मास्टर, पन्नाशीचा माणूस, ओरडला नाही. त्याने बाटली काट्यावर ठेवली, आधीचा आकडा दाखवला, आताचा दाखवला आणि पेन माझ्या हातात दिलं. गेलेले ग्रॅम मीच वहीत लिहिले. लाज वाटली ती त्या लिहिण्याची.

इथली माणसं आपल्यापेक्षा सज्जन आहेत असं मला चौदा वर्षांत दिसलेलं नाही. फरक मांडणीचा आहे. प्रमाणपत्राशिवाय या गॅसच्या यंत्राला हात लावता येत नाही. ठरावीक मापाच्या वरच्या प्रत्येक यंत्राची गळती तपासून नोंद ठेवावी लागते. आणि ज्याने गॅस विकला किंवा बनवला, त्याला वापरलेला गॅस परत घ्यावा लागतो, तसा कायदाच आहे. माझ्या गाडीत दोन बाटल्या असतात, एक नव्याची, एक काढलेल्याची. संध्याकाळी दुसरी परत करायला जागा आहे, म्हणून मी ती भरतो. काढायला लागणारा वेळ बिलात वेगळा लिहिलेला असतो. भावाच्या प्रश्नाला इथे उत्तर आहे, एवढंच.

युरोपचं सगळं बरोबर चाललंय असंही नाही. किती गॅस बाजारात आणायचा त्याचा कोटा कमी केल्यावर २०१८ च्या सुमाराला गॅसचे भाव कित्येक पटींनी चढले आणि चोरटा गॅस, बंदी असलेल्या वापरून फेकायच्या बाटल्यांतून, सीमेवरून यायला लागला. त्याहून मोठी चूक मला दुसरीच वाटते. आधी आर-१२ होता, ओझोनचा शत्रू. त्याच्या जागी आर-१३४ए आला. ओझोनला तो चालतो, पण तापवतो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट. आता गाड्यांच्या एसीत त्याच्याही जागी नवा गॅस आलाय. तो हवेत चटकन मोडतो, पण मोडून जे आम्ल तयार होतं ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि जर्मनीच्या पावसाच्या पाण्यात सापडतं. दर वेळी नवं पेटंट, नवी किंमत आणि वीस वर्षांनी नवी बंदी. या शिडीची प्रत्येक पायरी आपण पैसे मोजून का चढायची?

खरं तर आपल्या जिल्ह्यात याचं उत्तर जुनंच आहे. बेदाण्याच्या व्यापाऱ्याला मी विचारलं, तुझ्या कोल्ड स्टोअरेजला कुठला गॅस? "अमोनिया. पण वास, परवानग्या, कटकट. पुढल्या युनिटला फ्रिऑन घालावा म्हणतोय." फ्रिऑन म्हणजे आर-२२ च्या घराण्यातले कारखान्यात बनवलेले गॅस. मी त्याला हात जोडले. अमोनिया ओझोनला इजा करत नाही आणि हवा तापवत नाही. तो विषारी आहे, त्याच्याशी खेळ नको, गळती झाली तर माणसं दगावू शकतात. पण थोडा जरी सुटला तरी नाक आधी सांगतं, आणि तो सांभाळणारे ऑपरेटर आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहेत. बेदाणा शेडवर असताना अवकाळी पाऊस आला की याच मित्राची झोप उडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा याच्याच घरातली माणसं होडीतून बाहेर काढली. एका पुराचं खापर एका गॅसवर फोडता येत नाही, हे मला कळतं. पण हवा तापवणारी गोष्ट मुद्दाम नव्याने विकत घेऊ नये, एवढं तर त्याने माझं ऐकावं.

घरच्या एसीसाठीही वाट आहे, आणि ती सातारा जिल्ह्यातून जाते. गोदरेजने जर्मन सरकारच्या मदतीने २०१२ ला प्रोपेनवर चालणारा एसी बाजारात आणला, आणि त्यांचा कारखाना शिरवळला आहे. प्रोपेन तापवतो अगदी नगण्य. तो कुणाच्या पेटंटचाही नाही. इथे युरोपात आज घर गरम करणाऱ्या प्रोपेनच्या हीट पंपांचा गाजावाजा चालतो, तेव्हा मी लोकांना शिरवळचं नाव सांगतो. भाऊ म्हणतो, पेटेल. पेटतो हे खरं, म्हणून शिकलेला हात हवा. आत बाकी असतो तीन-चारशे ग्रॅम, आणि स्वयंपाकघरात तशाच पेटणाऱ्या गॅसची १४.२ किलोची टाकी आपण रोज वापरतो.

शिकलेला हात म्हटलं की परत त्या पोराशी येतो. २०१९ च्या आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना शिकवायचं लिहिलं होतं. ते शिक्षण त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्याला मोजे नाहीत, काटा नाही, वही नाही. त्याला दंड करून काय मिळणार? जो किलोमागे पैसे घेऊन गॅस विकतो, त्याने किलोमागे पैसे देऊन तो परत घ्यावा, तालुक्याच्या गावी एक तरी जागा असावी, आणि एसी काढायच्या बिलात गॅस काढायची ओळ वेगळी असावी. ओझोनचं भोक १९८० च्या पातळीवर यायला अंटार्क्टिकावर २०६६ पर्यंत थांबायचंय, बाकी जगात २०४० ते २०४५ च्या सुमाराला थर भरून येईल असं शास्त्रज्ञ सांगतात. इतकं सगळं करार करून साधलं. उरलंय ते पान्याच्या टोकाशी.

मी परतताना भावाला एक जुनं रिकव्हरी मशीन, म्हणजे एसीतला गॅस बाटलीत ओढून घेणारं, घेऊन दिलं. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने दुकानाचा कोपरा दाखवला. दोन बाटल्या भरलेल्या, त्यांवर पोराच्या अक्षरात खडूने लिहिलेलं: आर-२२, ९ किलो, आर-२२, ६ किलो ४००. तिसरी अर्धी झालीय. भाऊ विचारत होता, दादा, आता ह्या कुणाला देऊ?