हनन्या कमी दिलं म्हणून मेला नाही

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं. त्याबद्दलचा एक मेसेज सध्या मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर फिरतोय. तो माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशी विधवा आहे, पेन्शनवर राहते. औषधांचा खर्च वाढल्यापासून तिच्या दशांशाच्या पाकिटात पूर्वीइतके पैसे नसतात. मेसेज वाचून तिने मला फोन केला आणि विचारलं, "मी देवाला ठकवतेय का रे?" ज्या बाईने आयुष्यभर पोटाला चिमटा काढून अर्पण दिलं, तिच्या मनात ही भीती घालणाऱ्यांचा मला मनस्वी राग आला आहे.

मेसेज म्हणतो: बायबलमधलं जोडपं हनन्या आणि सप्पीरा यांनी देवाचा वाटा मागे ठेवला, म्हणून ते जागीच मेले. जो पूर्ण दशांश देत नाही तो मलाखी संदेष्ट्याच्या शब्दांत देवाला ठकवतो आणि शापाखाली येतो. हातात नसेल तर उसने घेऊन द्या, शंभरपट परत मिळेल.

हनन्याचं आधी बघू, कारण मावशीला झोप लागली नाही ती त्यामुळे. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय 5 उघडा. तिथे दशांशाचा उल्लेखच नाही. लोक जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांच्या, चरणी ठेवत होते, आणि तेही स्वखुशीने. आधीच्याच अध्यायात बर्णबा नावाच्या विश्वासणाऱ्याने असं शेत विकलेलं आहे. हनन्यालाही तसंच नाव हवं होतं. त्याने काही रक्कम ठेवून घेतली आणि उरलेली रक्कम "हीच सगळी किंमत" म्हणून आणून ठेवली. प्रेषितांपैकी पेत्र त्याला काय विचारतो? जमीन होती तोवर ती तुझीच नव्हती का, आणि विकल्यावर पैसे तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे पैसे ठेवून घ्यायला त्याला पूर्ण मोकळीक होती. अर्धे दिले असते, काहीच दिलं नसतं, तरी पेत्राची हरकत नव्हती. दोष एकच: तू माणसांशी नव्हे, देवाशी लबाडी केलीस.

पुढे तीन तासांनी सप्पीरा येते. पेत्र तिला सरळ विचारतो, जमीन एवढ्यालाच विकली का? खरं सांगायची ती संधी होती. ती "होय, एवढ्यालाच" म्हणते. सगळा प्रसंग या एका खोटेपणावर उभा आहे. आणि सगळं देणं सक्तीचं असतं, तर अध्याय 12 मध्ये योहान मार्कच्या आईकडे यरुशलेमेत स्वतःचं घर कसं उरलं? त्याच घरात मंडळी प्रार्थनेला जमली होती.

आता हा मेसेज काय करतो ते पाहा. मरणाची भीती घालून तो माणसाला ऐपतीपेक्षा मोठा आकडा पाकिटावर लिहायला लावतो. म्हणजे हनन्याचं नाव घेऊन लोकांना हनन्यासारखाच देखावा शिकवतो. "या महिन्यात एवढंच जमलं" असं देवापुढे मोकळेपणाने म्हणणारी माझी मावशी आणि हनन्या यांचा काडीचाही संबंध नाही.

मलाखीचं वचन खरं आहे, पण ते अर्धंच छापलंय. दशांश मंदिराच्या भांडारात आणायचा तो तिथे अन्न असावं म्हणून. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अध्याय 14 प्रमाणे दर तिसऱ्या वर्षी तो लेव्यांबरोबर (मंदिराची सेवा करणारा वंश) उपरी म्हणजे परके, अनाथ आणि विधवा यांनी खायचा होता. विधवेसाठी ठेवलेल्या नियमाने विधवेलाच घाबरवायचं? त्याच मलाखीत, त्याच अध्यायात, मजुराची मजुरी अडकवणाऱ्यांना आणि विधवेला छळणाऱ्यांना देव दरडावतो. ती ओळ मेसेजमध्ये नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावीच लागेल. आपल्यातले पुष्कळ जण अर्पणाच्या थैलीत सुटे पैसे टाकून मोकळे होतात, आणि त्यांना कोणीतरी टोकायला हवं. पुदिना, शेपू, जिरे यांचा दशांश मोजणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, येशू न्याय, दया आणि विश्वास यांची आठवण देतो, पण दशांश सोडा असं म्हणत नाही. ठीक आहे. तरी प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नव्हे. आणि देणं मोजलं जातं ते जवळ असेल त्यावरून, नसेल त्यावरून नाही (2 करिंथ 8 आणि 9). उसने घेऊन देण्याचा सल्ला इथेच कोसळतो. शंभरपटीचं वचन मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय 10 मध्ये आहे, पण ते घरदार सोडून येशूमागे गेलेल्यांना आहे, आणि त्यात छळही जोडलेला आहे. व्याजाचा तो दर नव्हे.

करिंथकरांच्या त्याच पत्रात पौल आणखी एक काळजी घेतो. यरुशलेमेतल्या गरिबांसाठीचा पैसा तो एकटा हाताळत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, म्हणजे प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ राहील. या मेसेजखाली एक क्यूआर कोड आहे. कुठल्या मंडळीचं नाव नाही, पाळकाचं नाव नाही. ज्या ब्रदरनी तो आमच्या ग्रुपवर टाकला त्यांना मी तिथेच विचारलं आहे, हे खातं कोणाचं आणि त्याचा हिशोब कोणापुढे मांडला जातो? अजून उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत त्या कोडवर कोणी एक रुपयाही पाठवू नये.