‘त्याला काही कळत नाही, बसून काय उपयोग?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. ‘डोक्याला मार लागलेल्या पेशंटबद्दल डॉक्टर कधीच सांगणार नाहीत अशी पाच सत्यं’, आणि खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’. माझा दादा बाइकवरून पडून मिरजेला आयसीयूत होता, तेव्हा हाच मेसेज मला एका दिवसात चार नातेवाइकांनी पाठवला होता. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण तो वाचून आईने दोन दिवस दादाशी बोलणंच सोडलं. म्हणून आज एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘कोमा म्हणजे ब्रेन डेडच. बिल वाढवायला व्हेंटिलेटरवर ठेवतात.’

या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रेन डेड म्हणजे मृत्यू. तो ठरवण्याची पद्धत आपल्याकडे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात दिली आहे: चार डॉक्टरांचं पथक, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या. डोळ्याच्या बाहुलीवर उजेड टाकून, घशाला नळीचा स्पर्श करून, शेवटी व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करून माणूस स्वतःहून श्वास घेतो का ते पाहतात. दादाच्या घशातला कफ सिस्टर सक्शनने ओढायच्या तेव्हा तो खोकायचा. त्या एका खोकल्यावर आम्ही आठवडाभर तग धरला. बिलाबद्दल शंका असेल तर जरूर विचारा, तो तुमचा हक्कच आहे. पण त्यासाठी जिवंत माणसाला मेलेला म्हणू नका.

‘त्याला काही ऐकू येत नाही. शेजारी बसून बोलणं म्हणजे स्वतःची समजूत.’

आईला लागलं ते हेच वाक्य.

माणूस हालचाल करत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असं मानायचा काळ मागे पडला आहे. २००६ साली केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने बाहेरून काहीही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ठेवून ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो धडधाकट माणसाचा उजळतो. २०२४ साली अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीही करून न दाखवणारे २४१ रुग्ण तपासले, त्यातल्या ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. म्हणजे चारात एक. उरलेल्या तिघांना काहीच कळत नव्हतं असंही त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्या समोरच्या खाटेवरचा माणूस त्या चारातला कोण, हे दारातून बघून सांगता येत नाही.

मात्र बसायची रीत असते, ती आम्हाला एका सिस्टरने शिकवली. एका वेळी एकानेच बोलायचं. आधी नाव घ्यायचं, मग एक छोटं वाक्य, मग थांबायचं, कारण दुखावलेल्या मेंदूला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आम्ही द्राक्षबागेतलंच सांगायचो: छाटणी झाली, पेस्ट लावून झाली, वेलींचे डोळे फुटायला लागले. बाराव्या दिवशी मी हातात बोट दिलं तर दादाने घट्ट धरलं. मी ओरडतच बाहेर पळाले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “ताई, धरणं आपोआपसुद्धा होतं, तान्हं बाळही धरतं. सोड म्हटल्यावर सोडतो का ते बघा.” सोडलं नाही. सतराव्या दिवशी सोडलं, आणि दुसऱ्यांदा सांगितल्यावर पुन्हा सोडलं. हे सगळं आम्ही दोनशे पानी वहीत लिहीत होतो: वेळ, कोण बसलं होतं, काय सांगितलं, काय झालं. वहिनीच्या पर्समधला छोटा आरसा त्याच्या तोंडासमोर हळूहळू सरकवला तेव्हा नजर मागोमाग गेली, हेही त्याच वहीत आहे. बाकी कशाहीपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर फिरते, म्हणून डॉक्टरही तपासताना आरसा वापरतात. राउंडला डॉक्टर दिवसाकाठी पाच मिनिटं येतात. उरलेले तास घरच्यांचे डोळेच असतात.

‘सहा महिन्यांत आलं ते आलं, नंतर काही येत नाही.’

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, एवढं खरं. पुढचं खोटं. अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे आकडे २०२१ साली आले: गंभीर मार लागून दोन आठवड्यांनीही डोळे उघडे पण भान नाही, अशा ७९ जणांपैकी ६२ जणांना वर्षभरात भान आलं होतं. २०१८ साली अमेरिकन मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने अशा अवस्थेला ‘कायमची’ म्हणणंच सोडलं. भान आलं म्हणजे माणूस पहिल्यासारखा झाला असं नव्हे, आणि सगळ्यांना ते येतंच असंही नाही. आमच्याच वॉर्डातून दोन घरं रिकाम्या हाताने परत गेली. पण तारीख ठरवून आशा सोडायला सांगणारा हा मेसेजवाला कोण?

‘बदाम-खसखशीचं दूध चमच्याने पाजा, नाकात तूप सोडा.’

कृपा करून हे करू नका. मेंदूला मार लागला की गिळण्याची यंत्रणा बिघडते. दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही, म्हणून कुणाला कळतच नाही. दोन दिवसांनी न्यूमोनिया. नाकातली नळी छळ म्हणून घातलेली नसते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत आत्याने आणलेला शिरा आत्यानेच खावा, आणि पेशंटजवळ रात्रभर जागणाऱ्यांना द्यावा.

‘शिव्या देतो, मारतो म्हणजे डोक्यावर परिणाम झाला. आता तो तुमचा राहिला नाही.’

दादा शुद्धीवर येताना आईला जे बोलला ते मी लिहिणार नाही. नळी उपसायचा म्हणून हाताला कापडी मोजे बांधले होते, तेच तो तोंडावर मारून घ्यायचा. हा बरं होण्याच्या वाटेवरचाच एक टप्पा आहे. जाग आलेली असते, पण कुठे आहोत, काय झालं हे कळत नाही, नवं काही लक्षात राहत नाही, आणि माणूस भेदरलेला असतो. बहुतेकांना नंतर हे दिवस आठवतही नाहीत. अशा वेळी सगळ्यात जास्त त्रास देतो तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न: “ओळखलंस का? सांग बघू मी कोण?” आठ माणसं, आठ परीक्षा. त्याला उत्तर येत नाही आणि तो चवताळतो.

आम्ही दाराशी वहिनीच्या भावाला बसवलं. दोघांपेक्षा जास्त माणसं आत नाहीत, मोबाइल बंद, ट्यूबलाइट बंद. आत गेलं की विचारायचं नाही, सांगायचं: “दादा, मी धाकटी. तू मिरजेला दवाखान्यात आहेस. गाडीवरून पडला होतास. आज मंगळवार.” दिवसातून वीस वेळा तेच, त्याच आवाजात. असं सांगायला लागल्याच्या नवव्या दिवशी मी “आज मंगळवार” म्हणाले, तर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “बुधवार.”

बुधवारच होता.